गावाचं सोशल नेटवर्क: अ‍ॅप बनवण्याआधी विचारायचे प्रश्न

पेटची तयारी करणाऱ्या कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांकडून एक विषय वारंवार ऐकायला मिळतो: मोबाईल सोशल नेटवर्किंग. फोन सगळ्यांच्या हातात आहे, गाव ओळखीचं आहे, कोडिंग येतं. मग सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्ट म्हणून एक वाक्य हमखास येतं, 'ग्रामीण नागरिकांसाठी मोबाईल अ‍ॅप विकसित करणे'. मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम विचारतात, "व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?" आणि इथेच गाडी अडते.

अ‍ॅप बनवणं हे काम आहे, संशोधन नाही. संशोधनासाठी प्रश्न लागतो. या विषयात चांगले प्रश्न भरपूर आहेत, फक्त ते प्लॅटफॉर्मच्या पोटात दडलेले असतात. ते बाहेर कसे काढायचे, हे आज बघू. उदाहरणं शक्यतो महाराष्ट्रातली घेतो, आणि गाव म्हणून डोळ्यासमोर चितेगाव ठेवतो.

आधी शब्द सोडवून घेऊ

प्लॅटफॉर्म म्हणजे स्क्रीनवर दिसणारं अ‍ॅप नव्हे. त्याच्या खालचा पाया म्हणजे प्लॅटफॉर्म. या पायात साधारण पाच गोष्टी ठरवलेल्या असतात:

1. ओळख: माणूस कशावरून ओळखायचा? मोबाईल नंबर, नाव, आधार की नुसतं टोपणनाव?
2. सभासदत्व: गटात कोण येणार आणि कोण आणणार?
3. वहन: निरोप कुठून कुठे, कोणत्या मार्गाने जाणार?
4. साठवण: निरोप कुठे राहणार, किती दिवस, कोणाच्या ताब्यात?
5. लगाम: चुकीचा निरोप कोण थांबवणार, पाठवण्याआधी की नंतर?

जुन्या गावात हीच कामं तीन ठिकाणी व्हायची. दवंडीत एक जण बोलायचा आणि सगळे ऐकायचे, उलट बोलायची सोय नव्हती. चावडीवर सगळे बोलायचे, पण पाटील किंवा पंच मध्ये असायचे. पारावर कोणीही कोणाशीही बोलायचं, लगाम एकच, की बोलणाऱ्याचं तोंड सगळ्यांना दिसायचं. आजचं कुठलंही स्थानिक नेटवर्क घ्या, ते या तिघांचं काहीतरी मिश्रण असतं. तुमच्या प्रस्तावातला प्लॅटफॉर्म दवंडी आहे, चावडी आहे की पार, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

वारणेचा धडा

या विषयाचा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना महाराष्ट्रातल्या एका प्रयोगापासून सुरुवात करता येते. 1998 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवती 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं त्यात होती. गावागावात कॉम्प्युटरची केंद्रं उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण असं बरंच काही त्यातून होईल अशी अपेक्षा होती.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं. केंद्रांचा खरा वापर उसाच्या कामापुरता होता: किती टन गेला, तोडणीची परवानगी कधी, खताचा हिशेब काय. मग त्यांनी 'वारणा अनवायर्ड' नावाचा प्रयोग केला. सात गावं, आठ महिने. कॉम्प्युटर बाजूला ठेवून हीच माहिती साध्या फोनवरून, एसएमएसने द्यायची. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांचा 2009 चा शोधनिबंध सांगतो की जुनी सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त सोयीची वाटली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, लोकांच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करा. दुसरी गोष्ट बहुतेक जण वाचताना सोडून देतात: ही व्यवस्था 'सोशल' नव्हती. निरोप शेतकऱ्याकडून कारखान्याकडे आणि कारखान्याकडून शेतकऱ्याकडे जायचा. एका शेतकऱ्याचा निरोप दुसऱ्या शेतकऱ्याला जायची वाट नव्हती. उभी वाट असेल तर ती माहिती-व्यवस्था, आडवी वाट आली की सोशल नेटवर्क. आणि आडवी वाट उघडली की लगामाचा प्रश्न लगेच उभा राहतो.

वहनाच्या तीन रचना

*पहिली: मधला सर्व्हर.* व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, टेलिग्राम हे सगळे यातले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाठवलेला निरोपसुद्धा दूरच्या सर्व्हरवरून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल 2016 पासून सगळे निरोप कुलूपबंद झाले, म्हणजे मजकूर फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दिसतो. खाजगीपणासाठी हे उत्तम. पण मजकूर कंपनीलाही दिसत नसल्याने लगाम मजकुराला लावता येत नाही, फक्त वेगाला आणि संख्येला लावता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*दुसरी: आवाज.* इंटरनेट नको, स्मार्टफोन नको, वाचता येण्याचीही गरज नाही. छत्तीसगडमध्ये 2010 साली सुरू झालेलं 'सीजीनेट स्वर' असं चालतं. नंबर लावायचा, आपली बातमी किंवा तक्रार बोलायची. संपादक ती ऐकून तपासतात आणि मग ती सगळ्यांना ऐकता येते. 'ग्रामवाणी' संस्थेने 2012 मध्ये झारखंडमध्ये सुरू केलेली 'मोबाईल वाणी' मिस्ड कॉलवर चालते. आपण मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, खर्च त्यांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर या दोन्ही चावड्या आहेत, मध्ये कोणीतरी बसलेलं आहे.

महाराष्ट्रातलं यातलं ठळक उदाहरण म्हणजे 'ग्राम सुरक्षा यंत्रणा'. नाशिक, अहिल्यानगर, पुणे ग्रामीण, सातारा अशा अनेक जिल्ह्यांत ती वापरली गेली आहे. गावकऱ्यांचे नंबर गावानुसार नोंदवलेले असतात. चोर आले, बिबट्या दिसला, आग लागली, मूल हरवलं, तर एका टोल-फ्री नंबरवर फोन करून आपल्याच आवाजात सांगायचं. तो आवाज कॉलच्या रूपाने गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर जातो. म्हणजे दवंडीच, फक्त ती देण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला मिळाला. आणि नियम मोडून निरोप देणाऱ्याचा नंबर काळ्या यादीत जातो.

इथे एक छोटं गणित करून बघा. समजा गावात 600 नंबर आहेत, यंत्रणेकडे त्या क्षणी 30 लाईन मोकळ्या आहेत, आणि रिंग व निरोप मिळून एका कॉलला एक मिनिट लागतं. 600 भागिले 30, म्हणजे शेवटच्या माणसाला निरोप 20 मिनिटांनी मिळणार. बिबट्यासाठी 20 मिनिटं फार झाली. मग पहिले 30 फोन कोणाचे? घटनेच्या जवळच्या घरांचे, पोलिस पाटलांचे की यादीत आधी आलेल्यांचे? हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण प्रश्न खरा आहे. आणि तो स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकतो, कारण त्यात मोजता येणारी गोष्ट आहे.

*तिसरी: फोन ते फोन.* टॉवर आणि सर्व्हर दोन्ही टाळून ब्लूटूथ किंवा वाय-फायने जवळच्या फोनला निरोप द्यायचा, त्याने पुढच्याला. या शाखेचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम एमआयटीचं आहे. नेथन ईगल आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी 2004 मध्ये 100 नोकिया फोन विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना देऊन, ब्लूटूथवरून कोण कोणाच्या जवळ असतं याची नोंद शैक्षणिक वर्षभर घेतली. 2014 मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात 'फायरचॅट' हे असं अ‍ॅप गाजलं.

गावात मात्र ही रचना अडते, कारण ब्लूटूथची मजल काही मीटरचीच आणि वस्त्या विखुरलेल्या. त्यावर तोड म्हणजे 'साठवा आणि पोचवा'. आपण नाही का, एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतो आणि पुढच्या स्टँडवर कोणीतरी उतरवून घेतो? कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर भागात 'डाकनेट' प्रयोगात नेमकं हेच केलं होतं. बसवर वाय-फायचं यंत्र बसवलं. बस गावातून जाताना केंद्राचा डेटा उचलायची आणि तालुक्याला पोचवायची. त्यावरचा निबंध 2004 चा आहे आणि आजही वाचण्यासारखा आहे.

2018 चा उन्हाळा आणि पाचची मर्यादा

आता या विषयाची जड बाजू. मे ते जुलै 2018 मध्ये देशभर 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या. जून महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना ठार मारलं गेलं. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये आणखी एक पाऊल: जो निरोप पाच किंवा जास्त टप्पे पार करून आला, ज्याच्यावर दुहेरी बाणाची खूण आधीपासूनच लागत होती, तो आता एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येणार. कंपनीच्या म्हणण्यानुसार पहिल्या मर्यादेने पुढे पाठवणं जगभरात 25 टक्क्यांनी घटलं, आणि दुसऱ्या मर्यादेनंतर वारंवार फिरणारे निरोप 70 टक्क्यांनी कमी झाले. हे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, मूळ डेटा बाहेरच्या संशोधकाच्या हातात नाही. सिनॉप्सिसमध्ये ते वापरले तर तसं स्पष्ट लिहा.

आता हेच गणित गावाच्या मापाने करा. 2018 मध्ये एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 256 जण असायचे. पाच ग्रुप म्हणजे पाठवणारा सोडून 1,275 फोन. नोव्हेंबर 2022 पासून ग्रुपची मर्यादा 1,024 झाली, म्हणजे पाच ग्रुपमध्ये 5,000 च्या वर. आता आठवून बघा, तुमच्या गावात एकूण चालते ग्रुप किती? ग्रामपंचायतीचा एक, तरुण मंडळाचा एक, शाळेच्या पालकांचा, एखादा भजनी मंडळाचा, एखादा शेतीचा. पाचात गाव संपलं!

दुहेरी बाणाचंही तसंच. देशभर फिरणारी अफवा पाच टप्पे सहज ओलांडते. पण 'आपल्या शिवारात चौघं अनोळखी दिसले' हा निरोप एक-दोन उड्यांतच गावभर होतो. त्याच्यावर ती खूण लागायची वेळच येत नाही. आणि कोणी तो स्वतःच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करून टाकला, तर तो पुढे पाठवलेला निरोपच उरत नाही. म्हणजे जगासाठी बनवलेला लगाम गावात सैल पडतो. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात ही चर्चा कशी पसरली आणि गावंच्या गावं कशी जागली, हे आठवा. तेव्हा वरच्या दोन्ही मर्यादा लागू होत्या.

'व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. जागतिक प्लॅटफॉर्मचे नियम त्याच्या मापाने बनतात. स्थानिक मापाने ते चालतात का, हे तपासणं हा संशोधनाचा प्रश्न आहे.

मात्र सगळा दोष तंत्रज्ञानावर टाकायची घाई करू नका. शकुंतला बनाजी आणि राम भट यांच्या 2019 च्या अभ्यासात महाराष्ट्रही होता. त्यांचं म्हणणं असं, की अशा हिंसेमागे फोन वापरण्यातलं अज्ञान कमी आणि विशिष्ट समाजांविषयीचे पूर्वग्रह जास्त असतात. हे खरं असेल तर नुसत्या 'जनजागृती अ‍ॅप'ने काय साधणार? तुमच्या प्रस्तावात या मुद्द्याला उत्तर हवं.

'स्थानिक' कोण, हे कोण ठरवतं?

पाच गोष्टींतली सभासदत्वाची गोष्ट सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त अडचणीची ठरते. चितेगाव घ्या. पैठण तालुक्यातलं गाव, पैठण रस्त्यावर, शहरापासून साधारण 15 किलोमीटर. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे महाराष्ट्राला माहीत झालेलं. अशा औद्योगिक गावात जुनी घरं असतात, आजूबाजूच्या तालुक्यांतून कामाला आलेली कुटुंबं असतात, परराज्यातले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि शिफ्टसाठी रोज ये-जा करणारेही असतात.

आता प्लॅटफॉर्मला 'चितेगावकर' कसा कळणार?

- मतदार यादीवरून घेतला, तर भाडेकरू बाहेर राहतात.
- जीपीएसवरून घेतला, तर रस्त्याने जाणारा ट्रकवालाही आत येतो, आणि पुण्याला शिकायला गेलेली गावची पोरगी बाहेर जाते.
- जुन्या सभासदाच्या ओळखीवर घेतला, तर ज्याची ओळख नाही तो कायम बाहेर. बायकांचे स्वतःचे नंबर अशा यादीत किती येतात, तेही बघा.
- भाषा फक्त मराठी ठेवली, तर खोलीतल्या बिहारी किंवा ओडिया कामगाराला पुराचा निरोप मिळूनही कळणार नाही.

यातलं कुठलंच उत्तर चूक नाही, पण प्रत्येकाची किंमत कोणीतरी मोजतं. राईनपाड्याचे पाच जण कोणत्याच स्थानिक यादीत बसणारे नव्हते. 'आपल्या' लोकांची यादी जितकी घट्ट, तितका यादीबाहेरचा माणूस जास्त परका. सुरक्षेसाठी बनवलेल्या नेटवर्कमध्ये तर निरोपच मुळी परक्यांविषयी असतात. ज्याच्याविषयी बोललं जातंय त्याला उत्तर द्यायची काही सोय प्लॅटफॉर्ममध्ये असावी का? मला वाटतं असावी. निदान निरोप आधी पोलिस पाटील किंवा बीट अंमलदाराकडे जाऊन 'तपास चालू आहे' एवढी खूण घेऊन पुढे जावा. पण त्यात किती मिनिटं जातील आणि बिबट्याच्या वेळी ती परवडतील का, हेही मोजावं लागेल. वेग आणि लगाम यांची ही ओढाताण प्रयोगात मांडता येते.

विषयाचं रूपांतर प्रश्नात

आता पहिलं वाक्य दुरुस्त करू. 'ग्रामीण नागरिकांसाठी अ‍ॅप विकसित करणे' याऐवजी असे प्रश्न बघा:

- आवाजी दवंडीत कॉलचा क्रम अंतरानुसार लावला, तर जवळच्या घरांना निरोप मिळायला लागणारा वेळ किती घटतो?
- मूळ बोलणाऱ्याचं नाव निरोपासोबत कायम राहिलं, तर लोक तो पुढे पाठवताना जास्त विचार करतात का?
- गावातले ग्रुप एकमेकांत किती मिसळलेले आहेत, आणि एक निरोप किती उड्यांत गाव व्यापतो?
- मतदार यादी, जीपीएस आणि ओळख या तीन पद्धतींत कोणते गट बाहेर राहतात?

प्रत्येक प्रश्नात पाचपैकी एकच गोष्ट हलवली आहे, बाकी चार जागेवर ठेवल्या आहेत. म्हणूनच उत्तर मोजता येतं. पहिल्या प्रश्नासाठी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन पुरेल. दुसऱ्यासाठी निरुपद्रवी निरोप घेऊन प्रयोग करता येईल, खोटी अफवा सोडून मुळीच नाही. तिसऱ्यासाठी ग्रुपचा मजकूर लागतच नाही, कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे एवढं कळलं तरी भागतं. चौथ्यासाठी घरोघर जाऊन विचारावं लागेल, आणि ते शिफ्ट सुटल्यावरच जमेल.

संमतीबद्दल दोन शब्द. ग्रुप अ‍ॅडमिनने हो म्हटलं म्हणजे 300 सभासदांनी हो म्हटलं असं होत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. शिवाय गावात नाव झाकून भागत नाही. 'रेशन दुकानदार, माजी उपसरपंच' एवढं लिहिलं तरी सगळ्या गावाला माणूस कळतो. म्हणून मोठ्या शहराच्या अभ्यासातली नाव लपवायची पद्धत इथे जशीच्या तशी उचलू नका. वय, व्यवसाय आणि गल्ली या तीन गोष्टी एकत्र कधीच छापू नका.

ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांनी या आठवड्यात एवढंच करा: आपल्या गावातल्या किंवा कॉलनीतल्या सगळ्या ग्रुपची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा, दवंडी, चावडी की पार. मग गावात राहूनही एकाही ग्रुपमध्ये नसलेली तीन माणसं शोधा आणि ती का नाहीत ते त्यांनाच विचारा. त्यांची उत्तरं लिहून काढलीत की रिसर्च गॅप कुठे आहे ते दिसायला लागेल, आणि गाईडसमोर बसताना तुमच्याकडे अ‍ॅपच्या नावाऐवजी प्रश्न असेल.